जवळा प्रॉन, करंदी श्रिंप

किनाऱ्यालगतच्या खानावळींचे फळे वाचत तारकर्लीहून मुरूडपर्यंत आलं, तर इंग्रजी बाजूला बहुतेक ठिकाणी एकच नियम दिसतो: मोठं ते प्रॉन, बारीक ते श्रिंप. कोळंबी मसाला म्हणजे प्रॉन्स मसाला, जवळ्याची चटणी म्हणजे श्रिंप चटणी. नियम सोपा आहे, लक्षात राहतो, आणि प्राणिशास्त्राच्या हिशेबाने नेमका उलटा पडतो. बोटाच्या पेराएवढा जवळा प्रॉनच्या घराण्यातला आहे, आणि त्याच्या दुप्पट लांबीची करंदी श्रिंपच्या.

तरीही फळा चुकला असं म्हणता येत नाही. श्रिंप आणि प्रॉन हे शब्द प्राण्यांची शास्त्रीय वर्गवारी सुरू होण्याच्या कितीतरी आधीचे, कोळी-बाजारातले आहेत. शास्त्राने ते नंतर उचलले आणि आपल्या सोयीने बसवले. त्यामुळे आज या दोन शब्दांच्या वाटण्या एकाहून जास्त पद्धतींनी होतात: देशाच्या बोलीप्रमाणे, शरीररचनेप्रमाणे आणि व्यापारी कागदांप्रमाणे. आपण कोणती वाटणी धरून बोलतोय हे आधी ठरवलं नाही, की वाद संपत नाही.

आधी बोलीची वाटणी. ब्रिटनमध्ये श्रिंप म्हणजे मुख्यतः क्रँगन क्रँगन ही तपकिरी, चपटी, बोटभरही नसलेली जात. वायव्य किनाऱ्यावरच्या मोरकँब उपसागरात ती मिळते, आणि उकडून, सोलून, मसाल्याच्या लोण्यात थिजवून खातात. त्याहून मोठं जवळपास सगळं तिथे प्रॉन. अमेरिकेत समुद्रातलं सगळंच श्रिंप. तळहाताएवढं असलं तर त्याला जंबो श्रिंप म्हणतील, पण शब्द बदलणार नाहीत. प्रॉन तिथे एखाद्या भारी हॉटेलच्या मेन्यूवर, नाहीतर गोड्या पाण्यातल्या जातींसाठी. ऑस्ट्रेलियात उलट, सगळं प्रॉन. १९८४ साली पॉल होगनने ऑस्ट्रेलियाच्या पर्यटनाची जी प्रसिद्ध जाहिरात केली, तिच्यात शेगडीवर श्रिंप टाकायची भाषा आहे. ती जाहिरात अमेरिकनांसाठी होती म्हणून. घरी कुणी ऑस्ट्रेलियन असं बोलत नाही.

शब्द देशाचा असतो, प्राण्याचा नसतो, याचा सगळ्यात चांगला पुरावा म्हणजे पँडॅलस बोरियालिस. उत्तर अटलांटिकच्या थंड पाण्यातली, बोटीवरच उकडली जाणारी ही गुलाबी जात. ब्रिटिश माणूस प्रॉन कॉकटेलमध्ये घालतो ती हीच, आणि तिला तो प्रॉन म्हणतो. कॅनडात आणि अमेरिकेत तीच नॉर्दर्न श्रिंप. प्राणिशास्त्राला विचाराल तर ती श्रिंप आहे.

आपल्याकडे इंग्रजी ब्रिटिशांकडून आलं, म्हणून शाळा, घर आणि हॉटेलात प्रॉन रुजला. पण तळी आणि निर्यातीच्या कागदांवर आज श्रिंप चालतो, कारण तो माल अमेरिकेत विकला जातो. व्हेनामी घ्या. पॅसिफिक किनाऱ्यावरची ही जात २००९ पासून भारतात व्यापारी पातळीवर वाढवायला परवानगी मिळाली, आणि तिने टायगर कोळंबीला तळ्यांतून बरंचसं हुसकावून लावलं. कागदावर ती व्हाइटलेग श्रिंप, खाडीकाठच्या तळ्यावर व्हेनामी, ताटात प्रॉन्स. तिन्ही एकच.

जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या कागदांतली रीत आणखी वेगळी: खाऱ्या आणि निमखाऱ्या पाण्यातलं श्रिंप, गोड्या पाण्यातलं प्रॉन. आकार नाही, घराणं नाही, फक्त पाणी. जकातीच्या आंतरराष्ट्रीय यादीने तर भांडणच मिटवलं आहे. ०३०६ या शीर्षकाखाली ‘श्रिंप्स आणि प्रॉन्स’ असे दोन्ही शब्द शेजारी शेजारी छापले आहेत, आणि माल वेगळा काढायचाच झाला तर तो थंड पाण्यातला की इतर, असा काढतात.

शब्दांच्या मुळाशी गेलं तर आकाराचा नियम कुठून आला ते कळतं. श्रिंप हा आक्रसणं, सुरकुतणं अशा अर्थाच्या जुन्या जर्मानिक शब्दांचा नातलग आहे. म्हणूनच इंग्रजीत किरकोळ अंगाच्या माणसालाही श्रिंप म्हणतात. आपण ‘सुकट’ म्हणतो तसंच. प्रॉन पंधराव्या शतकाच्या सुमारास लिहिलेला सापडतो, आणि त्याचं मूळ कोशकारांनाही लागलेलं नाही. म्हणजे ‘बारीक’ हा अर्थ श्रिंप या शब्दाच्या पोटातच आहे. प्रॉनच्या पोटात ‘मोठा’ असं काही नाही. तो अर्थ त्याला शेजारधर्माने चिकटला.

आता शरीराकडे. ही ओळख टोपलीपुढे उभं राहून करता येते, भिंग लागलंच तर फक्त जवळ्याला.

डोकं आणि शेपटी यांच्यामधला जो मांसल भाग आपण खातो, त्याच्या सहा कड्या असतात. प्रत्येक कडीचं कवच दोन्ही बाजूंना कानाच्या पाळीसारखं खाली लोंबतं. या पाळ्या एकमेकींवर कशा बसल्यात ते बघायचं. प्रॉनमध्ये त्या घरावरच्या कौलांसारख्या बसतात: पहिलीची पाळ दुसरीवर, दुसरीची तिसरीवर, असं ओळीने. श्रिंपमध्ये दुसऱ्या कडीची पाळ रुंद आणि गोलसर असते, आणि ती पुढच्या पहिलीवरही चढते, मागच्या तिसरीवरही. खोगीर टाकल्यासारखी. एवढी एक खूण पाहिली तरी पुष्कळ होतं. डोकं काढलेल्या पण कवच शाबूत असलेल्या मालातही ती टिकते. एकदा सोललं की ही खूण गेली. गोठवलेल्या सोललेल्या पाकिटातून घराणं ओळखायचा प्रयत्न करू नये.

दुसरी खूण अंड्यांची. श्रिंपची मादी अंडी पोटाखालच्या वल्ह्यांसारख्या पायांना चिकटवून बाळगते, त्यामुळे उलटी केली की पोटाखाली बारीक दाण्यांचा घोस दिसतो आणि बोटाला लागतो. प्रॉनची मादी अंडी सरळ पाण्यात सोडून मोकळी होते. टायगरसारख्या मोठ्या जातीत ती लाखांनी असतात. तिच्या पोटाखाली घोस कधीच सापडणार नाही. अंडी पिकत आली की तिच्या पाठीतून, कवचाखालून, डोक्यापासून शेपटीकडे जाणारा हिरवट पट्टा दिसतो. पुष्कळजण ती घाण समजून खरवडून टाकतात. घाण ती नव्हे. घाण म्हणजे त्याच पाठीतला, सुतासारखा बारीक काळा धागा. ते आतडं आहे आणि त्यात वाळू असते. पोटाच्या बाजूने जाणारा पांढुरका दोरा ही चेतासंस्थेची नस. ती काढली काय, ठेवली काय, फरक पडत नाही.

तिसरी खूण पायांची. चालायच्या पाच जोड्यांपैकी प्रॉनच्या पहिल्या तिन्ही जोड्यांना चिमटे असतात, साधारण सारख्याच ताकदीचे. श्रिंपच्या पहिल्या दोनच जोड्यांना, आणि बहुधा त्यातली दुसरी मोठी. कल्ल्यांतही फरक आहे. प्रॉनचे फांद्या फुटल्यासारखे, श्रिंपचे वहीच्या पानांसारखे. पण तेवढ्यासाठी डोक्याचं कवच उचकटावं लागतं, आणि कोणतीही मावशी न घेतलेल्या मालाचं डोकं उचकटू देणार नाही.

या खुणा घेऊन जवळ्याकडे या. त्याचं शास्त्रीय नाव असेटिस इंडिकस. उत्तर कोकणात, भरती-ओहोटीच्या ओढीत तोंड उघडं ठेवून बांधलेल्या डोल जाळ्यांत तो ढिगाने सापडतो. पारदर्शक अंग, लांब लालसर मिश्या आणि शेपटीच्या पात्यांवर लाल ठिपके. खरी गंमत पायांत: गण दहा पायांचा, पण जवळ्याच्या चालायच्या शेवटच्या दोन जोड्या नाहीतच. उरलेल्या तिन्ही जोड्यांच्या टोकांना भिंगातूनच दिसतील असे इवले चिमटे. अंडी पोटाखाली नाहीत, कल्ले फांद्यांचे. म्हणजे तो मोठ्या कोळंबीच्याच शाखेत बसतो. वाढ खुंटलेली कोळंबी नव्हे, त्या शाखेतलं वेगळं बारीक कुटुंब. रायगडात वाळला की सुकट, मालवणीत गोलमो, कोळीवाड्यांत कोलीम हा शब्दही कानावर येतो.

करंदी, म्हणजे नेमाटोपॅलिमॉन टेन्युइपेस, त्याच डोलीतून येते. नावाचा अर्थच ‘बारीक पायांची’. मागचे पाय केसांसारखे लांब आणि नाजूक असतात, म्हणून इंग्रजीत तिला स्पायडर प्रॉन म्हणतात. शास्त्राने जी श्रिंप, तिच्या इंग्रजी नावात प्रॉन! कपाळावरची करवत लांब, मुळाशी उंचावलेली आणि टोकाला वर वळलेली. दुसऱ्या कडीवर खोगीर, आणि मादी असेल तर पोटाखाली घोस.

एक सावधगिरी मात्र हवी. आपली मराठी नावंही बाजारात सैल होतात. खाडीत शिरलेली, अजून न वाढलेली कोळंबीची पिल्लं काही गावांत करंदी म्हणूनच विकली जातात. पुष्कळ जातींची कोळंबी समुद्रात अंडी सोडते, पिल्लं खाडीत येऊन वाढतात आणि मोठी होऊन परत समुद्राकडे जातात. मधल्या टप्प्यात सापडली की आकाराने ती करंदीच वाटतात. तेव्हा नावावर विसंबू नये, दुसरी कडी बघावी. ती सोय इंग्रजी शब्दांत नाही, मराठी शब्दांतही नाही, कवचावर आहे.

नदीच्या झिंग्याची भर घातली की इंग्रजीची त्रेधा पुरी होते. मॅक्रोब्रॅकियम रोझेनबर्गाय हा गोड्या पाण्यातला मोठा झिंगा, नराच्या दुसऱ्या जोडीचे निळे चिमटे अंगाहूनही लांब. इंग्रजीत जायंट फ्रेशवॉटर प्रॉन. कडीवरचं खोगीर, पोटाखालची अंडी आणि दुसरा पाय मोठा, तिन्ही खुणांनी तो श्रिंप. जगतो गोड्या पाण्यात, पण पिल्लांना निमखारं पाणी लागतं, म्हणून मादी अंडी घेऊन खाडीच्या तोंडाकडे उतरते. पैदास केंद्रात त्यासाठी हजारी १२ भागांच्या आसपास क्षार ठेवतात. आपल्याकडे त्याला स्कँपी म्हणायची चाल पडली आहे. युरोपात स्कँपी म्हणजे नेफ्रॉप्स, शेवंडीच्या जवळचा प्राणी, ज्याला पुन्हा डब्लिन बे प्रॉन असंही म्हणतात. इथे मात्र हात टेकावेत.

मग फळ्यावर लिहायचं काय? माझं मत स्पष्ट आहे: खाणावळीत बोलीची वाटणी पाळावी, शास्त्राची नाही. कोळंबी ती प्रॉन. जवळा तो टायनी श्रिंप. याला एक पक्कं कारणही आहे. आग्नेय आशियात ज्याची बेलाचान होते तो असेटिसच, आणि जगभर त्या बेलाचानला श्रिंप पेस्ट म्हणतात. परदेशी पाहुण्याला त्या शब्दावरून चव आणि वास, दोन्हींचा अंदाज येतो. सोड्यांना ड्राइड प्रॉन्स, कारण ती सोललेली कोळंबीच आहे. करंदीला स्मॉल श्रिंप, आणि पुढे एक वाक्य: कवचासकट खायची. हे वाक्य शब्दापेक्षा महत्त्वाचं. करंदीचं कवच पातळ असतं, ते तळलं की कुरकुरीत होतं, पण कपाळावरची करवत घशात टोचते. म्हणून धुण्याआधी कात्रीने करवत, मिश्या आणि लांब पाय कापायचे, शेपटीचं टोक खुडायचं, आणि मग भज्यांच्या पिठात टाकायची. सोलत बसलात तर हातात काही उरत नाही.

जवळ्याची भानगड वेगळी. पाच किलो ओला जवळा वाळून साधारण किलोभर उरतो. वाळूवर पसरून वाळवला तर कचकच आलीच. जाळीवर किंवा ओट्यावर वाळवलेला घ्यावा. घरी आणल्यावर आधी निवडायचा, मग कोरड्या तव्यावर मंद आचेवर तीन-चार मिनिटं परतायचा, गार झाला की चाळायचा, आणि अगदी शेवटी पाण्यातून झरझर काढून घट्ट पिळायचा. भाजण्याआधी भिजवला तर तो लगदा होतो आणि वाळू आतच बसते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिकी मासेमारी बंद असते, तेव्हा आगोटीची खरेदी मेमध्येच आटपावी. पहिली सर पडल्यावर घेतलेली सुकट डब्यात दमट होते आणि तिला बुरशी धरते.

परदेशी पाककृती वाचताना शब्दापेक्षा आकडा जास्त फसवतो. अमेरिकन कृतीत ३१/४० श्रिंप लिहिलं असेल तर त्याचा अर्थ डोकं काढलेले ३१ ते ४० नग एका पौंडात, म्हणजे ४५४ ग्रॅमला. एका नगाचं वजन ११ ते १५ ग्रॅम. आपल्या तळ्यावर ३० काउंट म्हणतात तेव्हा डोक्यासकट ३० नग एका किलोत, म्हणजे नग ३३ ग्रॅमचा. दोन्हीकडे तीस दिसतात आणि माल दुपटीच्या आसपास वेगळा. डोकं काढल्यावर कोळंबीचं वजन पूर्ण वजनाच्या ६० ते ६५ टक्के राहतं, त्यामुळे त्या अमेरिकन मालाला जुळणारी आपली कोळंबी किलोला साधारण ४५ ते ५५ नगांची असते. सोलल्यावर किलोतून अर्ध्या किलोच्या आसपासच मांस हाती येतं. नदीच्या झिंग्याचं डोकं फार मोठं. तिथे नुसतं डोकं काढल्यावरच जेमतेम निम्मं उरतं, तेव्हा भाव करताना तो हिशेब धरावा.

शिजवताना घराण्याने काही फरक पडत नाही, जाडीने पडतो. कोळंबीचा नारिंगी रंग तिच्यात आधीपासूनच असतो, पण प्रथिनाशी बांधलेला, म्हणून ती राखाडी दिसते. आच लागली की प्रथिन सुटतं आणि रंग मोकळा होतो. मध्यम कोळंबीला गरम रश्शात दोन-तीन मिनिटं पुरतात. अर्ध्या चंद्रासारखी वळली की झाली; शेपूट डोक्याकडे टेकून वाटोळी झाली की ती रबर झाली, मग कितीही आमसूल घाला. श्रिंप घराण्यातल्या बऱ्याच जाती तिसऱ्या कडीपाशी मुळातच कोपरासारख्या वाकलेल्या असतात, त्यांच्या बाबतीत हा अंदाज लागू होत नाही.

डोक्याबद्दल थोडं. पचनाचे रस डोक्यात असतात, आणि प्राणी मेला की तेच रस मानेपासून मांस मऊ करत जातात. डोकं हलकं ओढल्याबरोबर सुटून आलं तर ते काम सुरू झालेलं आहे. कवचावर येणारे काळे डाग मात्र सडण्याचे नव्हेत. कापलेलं सफरचंद तपकिरी पडतं त्याच जातीची ती क्रिया, हवा आणि उशीर यांनी होणारी. डाग आहेत पण वास समुद्राचा आहे, तर चालेल. डाग नाहीत पण अमोनियासारखा झणका येतो, तर सोडून द्यावी. जेवढी कोळंबी तेवढाच बर्फ, एक थर याचा एक थर त्याचा, आणि वितळलेलं पाणी खालून निघून जायला वाट. पाण्यात बुडून राहिलेली कोळंबी बेचव होते.

एका ठिकाणी मात्र शब्दांचा घोळ महागात पडतो. ‘मला प्रॉनची ॲलर्जी आहे, श्रिंप चालेल’ असं म्हणणारा पाहुणा भेटला तर त्याला जवळ्याची चटणी वाढू नये. ही ॲलर्जी प्रामुख्याने ट्रोपोमायोसिन या प्रथिनाची असते. ते कोळंबीत आहे, करंदीत आहे, जवळ्यात आहे, कुर्लीतही आहे, आणि भाजून-तळून ते मरत नाही. पाकिटांवरच्या इशाऱ्यातही आपल्याकडे हे सगळे कवचधारी एकाच नावाखाली येतात. वांग्यात, वालात किंवा भेंडीत चवीला टाकलेली मूठभर सुकट फळ्यावर लिहिलेलीच नसते. ती लिहावी, आणि त्या ओळीत प्रॉन आणि श्रिंप दोन्ही शब्द लिहावेत.

राहिलं व्याकरण. प्रॉनचं अनेकवचन प्रॉन्स. श्रिंपचं अमेरिकेत श्रिंपच, ब्रिटनमध्ये श्रिंप्सही चालतं. ‘एक प्रॉन्स राहिलाय बघ ताटात’ हे मराठीत ठीक आहे, फळ्यावरच्या इंग्रजीत नको. आणि प्रॉनच्या स्पेलिंगमधला आर गाळू नये. तो गळला की बुद्धिबळातलं प्यादं होतं, आणि ‘प्याद्यांचं कालवण, सोबत तांदळाची भाकरी’ असे फळे किनाऱ्यावर आहेत.